घराखालचा अकीक

१४ मार्च १९९९

लाडके लुद्का,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. बाबा धडधाकट आहेत आणि मीही आहे. फोन करता आला असता, पण आपला फोन जिन्याखाली, तिथे बोललेलं तळघरात स्वच्छ ऐकू जातं. आणि तुझे बाबा हल्ली दिवसभर तळघरातच असतात. म्हणून पत्र.

तू सांभाळतेस ती इटलीतली म्हातारी कशी आहे? अजून औषध घेताना तोंड फिरवते का? इथे बर्फ वितळलं, गल्लीत चिखलच चिखल. पलीकडची झेनोबिया पाय घसरून पडली आणि दोष नगरपालिकेला देतेय.

नोव्हेंबरात तळघरात पाणी आलं, तिथून हे सुरू झालं. बटाटे सडायला लागले. बाबा म्हणाले, कडेने चर खणतो आणि पाणी बाहेर काढतो. मला बरंच वाटलं. तांब्याची खाण बंद पडली तेव्हापासून त्यांच्या हातांना धड काम नव्हतं. चर खणताना कोबीच्या गड्ड्याएवढा एक गोळा लागला. बाहेरून ओबडधोबड, मातकट. बाबांनी तो धुतला आणि मागच्या खोलीतल्या करवतीवर कापला. मग ओल्या हातांनीच स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "बोगुशा, हात पूस आणि इकडे बघ."

बोगुशा! या नावाने त्यांनी मला शेवटची हाक कधी मारली ते मला आठवत नाही.

अकीक मी पुष्कळ पाहिलेत, त्यांनी कपाट भरून ठेवलंय. पण हा निराळाच होता. कडेला विटकरी, त्याच्या आत दुधाळ, त्याच्या आत धुरकट निळा, एकात एक रेघा, आणि मधोमध साखरेसारखे चकाकणारे खडे. महिनाभर त्यांनी तो घासला, आधी भरड पुडीवर, मग बारीक, शेवटी ओल्या लोकरी नमद्यावर. आता त्याच्यात तोंड दिसतं.

चराचं काम कधीच संपलं. खणणं संपलेलं नाही.

तू गेलीस त्या दिवशी म्हणाली होतीस, बाबांना माणसांपेक्षा दगड जास्त कळतात. त्यावर त्यांनी तुझी बॅग उचलून दारात ठेवली. ते मी विसरलेले नाही, आणि तू विसरावंस असंही म्हणत नाही. पण दुसऱ्या कोणाला लिहू?

चुलीच्या वर भिंतीला चीर गेलीय, केसाएवढी. थंडीने गेली असेल. मी खाली जात नाही. मला ते बघायचंच नाही.

तुझी आई


७ एप्रिल

लुद्का,

ईस्टर पार पडला. टोपली चर्चमधून आशीर्वाद घेऊन आली, अंडी रंगवली, पांढरं सॉसेज केलं, सगळं रीतीप्रमाणे. टेबलाशी तिघंच होतो, मी, बाबा आणि झेनोबिया. तिला एकटीला कसं ठेवायचं?

जेवताना काचेच्या कपाटातून आवाज यायला लागला. बारीक, चमचे एकमेकांवर घासावेत तसा. तारेच्या घोड्यांवर मांडलेले अकीक थरथरत होते. बाहेरून ट्रक गेला नव्हता, कोणी उठलं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. ते अंडं सोलत होते.

झेनोबिया म्हणाली, "हिएरोनिम, तुझे दगड प्रार्थना करतायत की काय?"

"लाकूड सुकतंय कपाटाचं."

"आणि ते मागचं दार? मघाशी खांदा लावून उघडावं लागलं मला. तेही सुकतंय वाटतं?"

"दमट हवेने फुगलंय."

"एक सुकतंय आणि एक फुगतंय! एकाच घरात दोन ऋतू तुमच्याकडे." आणि हसली. मला हसू येईना.

मग तिनेच विचारलं, एवढं दगडात काय असतं रे? बाबा खुलले. असे बोलताना तू त्यांना पाहिलंच नाहीस, लुद्का. माणसं जन्मायच्या कितीतरी आधी इथे सगळा तापलेला रस वाहत होता, म्हणाले. तो निवताना वाफेचे बुडबुडे आतच अडकले. रसाचा खडक झाला आणि बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. मग त्या खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्यात गारगोटीचा अंश विरघळलेला. दुधावर साय धरते तसा तो पोकळीच्या भिंतीला थर धरायचा. एक थर, मग दुसरा, बाहेरून आत. पाण्यात लोखंड असलं तर तांबडा, नसलं तर पांढरा. शेवटी मध्ये जागा उरली तर तिथे स्फटिक. "घाई नाही कसली," म्हणाले. "आधी भोक, मग दगड. निसर्गाने नुसती भोकं बुजवत बसावं, तसं."

"आणि तू नुसती भोकं पाडत बसतोस," झेनोबिया म्हणाली.

बाबा खूप दिवसांनी हसले. मी मात्र टेबलाखाली पाय फरशीला घट्ट लावून बसले होते. फरशी जरा कलली आहे असं मला वाटतं. सांडलेलं पाणी चुलीकडे जातं, पूर्वी दाराकडे जायचं.

चिरीत आता माझं नख जातं.

आई


१६ मे

लुद्का,

तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण आलं. 'त्यांना सोड आणि माझ्याकडे ये.' वाचून मी ते चुलीत घातलं, राग मानू नकोस. त्यांच्या हाती पडू नये म्हणून.

कशी येऊ? मी गेले तर त्यांना वर कोण ओढणार?

घे, लिहून गेले. मी खाली जात नाही म्हणून लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. विहिरीसारखा खड्डा झालाय तळघरात, शिडी लावून उतरावं लागतं. तळाशी आडवं भुयार आहे. बाबा त्यात पालथे पडून खणतात, मी खड्ड्याच्या तळाशी बसते आणि दोरीने बादली ओढते. दगडमाती वर नेऊन मागच्या बागेत टाकते, रताळ्यासारखे गोळे निघाले की बाजूला ठेवते. झेनोबियाला सांगितलंय, वाफे उंच करतोय. मी नाही म्हटलं असतं तर ते एकटेच उतरले असते. एकटा माणूस खाली आहे आणि मी वर बटाटे सोलतेय, ते मला सोसलं नसतं. भीती काय, दोन्हीकडे आहेच.

गेल्या आठवड्यात सॅक्सनीहून एक जर्मन संग्राहक आला होता, लोथार नावाचा. ल्वुवेकच्या दगडांच्या जत्रेत त्याची आणि बाबांची ओळख झालेली. म्हातारा, नीटनेटका, खिशात भिंग. पोलिश बोलतो पण मोडकंतोडकं. कपाटापुढे उभा राहिला तो हलेचना. एकेक चकती उजेडासमोर धरायचा, काठाला बोट लावायचा, पुन्हा जागेवर ठेवायचा. शेवटी म्हणाला, "मी तीस वर्ष अकीक जमा करतो. असली निळी मी कुठे नाही पाहिला. कुठला शेत?"

बाबा म्हणाले, "चल दाखवतो." आणि त्याला तळघरात घेऊन गेले.

तो खड्ड्याच्या काठापर्यंत गेला. बॅटरी आत मारली. मग तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसला, मला वाटलं चक्कर आली.

"हिएरोनिम, लाकूड कुठे? टेकू कुठे?"

"लागत नाही. खडक पक्का आहे."

"पक्का? सगळी बुडबुडी आणि पक्का?"

बाबा म्हणाले, वीस वर्षं खाणीत काढलीत मी, मला शिकवू नकोस. लोथार उठला. वर आला, दारात टोपी घातली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "बाई, तुम्ही आजच बाहेर झोपतो. कृपया. उद्या नाही, आजच." त्याचे हात गार पडले होते. कॉफी ठेवली होती ती न पिताच गेला.

आतापर्यंत मला वाटायचं, मीच भित्री आहे. लग्न झालं तेव्हापासून हे घर मला भेडसावतं, युद्धानंतर जर्मनांनी सोडून दिलेलं, भिंतींना त्यांच्या चित्रांच्या खुणा. पण तो माणूस तर दगडांवर जीव टाकणारा, आणि त्याने पाठ फिरवली.

तो गेल्यावर बाबांनी टेकू लावले. लाकूड विकत आणायचं म्हटलं तर गावात प्रश्न विचारतील, म्हणून तुझ्या पलंगाच्या फळ्या आणि पाय कापले. पलंग पाइनचा होता. पाइनचं बरं, म्हणाले, मोडायच्या आधी करकरतं, माणसाला निघायला वेळ देतं.

आता मी खाली बसते ती पूर्ण वेळ त्या करकरण्याची वाट बघत. तुझा पलंग काय म्हणतो ते ऐकत.

आई


४ जून

लुद्का,

काल ख्रिस्तदेहाची मिरवणूक होती आणि मी मरता मरता वाचले. मरता मरता म्हणजे भीतीने.

मिरवणूक वाटेत थांबते त्या चार वेद्यांतली दुसरी दरवर्षी आपल्या फाटकाशी असते, तुला ठाऊकच आहे. तुझ्या आजीपासूनचा मान. बर्चच्या फांद्या, पांढरी चादर, पेओनीची फुलं. सगळं गाव फाटकासमोर गुडघे टेकतं, आणि अग्निशमन दलाचा बँड तिथेच उभा राहून वाजवतो.

रविवारी मी बादली ओढता ओढता विचारलं, "हिरेक, आता तू कुठे आहेस?"

आतून आवाज आला, "कुठे म्हणजे?"

"वर काय आहे तुझ्या?"

कुदळ थांबली, मग म्हणाले, "स्वयंपाकघर मागे राहिलं. आता फाटक असेल."

माझ्या हातातून दोरी सुटली. सगळं गाव, लुद्का! म्हाताऱ्या, पाकळ्या उधळणाऱ्या लहान पोरी, तो ढोल. बाबांना मी म्हटलं, हे थांबलं पाहिजे. ते म्हणाले, वर एवढा जाड खडक आहे, आगगाडी नेली तरी हलणार नाही. मी म्हटलं, मला आगगाडीची नाही, कोवाल्स्कींच्या नातीची काळजी आहे. त्यांनी पुन्हा कुदळ मारायला सुरुवात केली.

मग मी तोंड धुतलं आणि झेनोबियाकडे गेले. म्हटलं, यंदा वेदी माझ्याकडे नको, हिएरोनिम आजारी आहे. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजारी? सकाळी तर करवत चालली होती त्याची!"

"झेनोबिया, विचारू नकोस."

"विचारणारच. तुझी बाग दर आठवड्याला टेकडी होत चाललीय. तुला काय वाटलं, मला वाफे आणि ढिगारा कळत नाही?"

मग मी सांगितलं. सगळं. ती बाकावर बसली आणि कितीतरी वेळ ॲप्रनचं टोक पिळत राहिली. शेवटी म्हणाली, "जर्मनांनी दोन महायुद्धं काढली त्या घरात, वीटसुद्धा हलली नाही. आणि तुझा नवरा शांततेच्या काळात ते एकटा पाडणार?"

फादरना तिने काय सांगितलं देव जाणे. वेदी तिच्या दाराशी मांडली गेली, आणि ती सगळ्यांना सांगत सुटली की आपण नवस केला होता. पण मिरवणूक तर आपल्याच गल्लीने येणार होती! मी फाटकाला पाठ लावून उभी राहिले. माणसं जवळ आली की म्हणायचे, पलीकडून जा, इथे मधमाश्यांचं पोळं आहे. ढोल वाजला की तळपायाला जाणवायचं. मला वाटायचं, आता जाते, आता मी पहिली खाली जाते.

काही झालं नाही. बाबा संध्याकाळी वर आले, ताट ओढलं आणि म्हणाले, "बघ, सांगितलं नव्हतं?"

झेनोबियाने मला निक्षून सांगितलंय, पोलिसात जा. कशी जाऊ? तू गेली असतीस का?

आई


११ जुलै

लुद्का,

आम्ही दोघं जिवंत आहोत. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

झालं ते गुरुवारी, भर दुपारी. मी खड्ड्याच्या तळाशी होते. आवाज नंतर आला. आधी भुयारातून वारा आला तोंडावर, धुळीचा, आणि बाबांचा दिवा दिसेनासा झाला. पलंगाचं लाकूड करकरलं की नाही ते मला सांगता येणार नाही. करकरलं असेल तर मी ऐकलं नाही, एवढी कान देऊन बसलेली असून.

मी ओरडले. उत्तर नाही. पुन्हा ओरडले. तेव्हा आतून, अगदी हळू, "बोगुशा, तू वर जा."

"तू ये!"

"वर जा म्हणतो ना."

मी बॅटरी घेतली आणि आत शिरले. कशी शिरले, विचारू नकोस. मला लिफ्टमध्येसुद्धा घाम फुटतो. मध्ये दगडमातीचा ढीग पडला होता, वर माणूस सरपटत जाईल एवढी फट. मी हातांनी ती मोठी केली. वरून बारीक खडी गळत होती, मानेवर, केसांत. पलीकडे गेले तर बाबा भिंतीला पाठ लावून बसलेले, गुडघे छातीशी.

"कुठे लागलंय?"

"कुठेच नाही."

"मग ऊठ की!"

"पाय उचलत नाहीत, बोगुशा."

मी पाय चाचपले. हाडं शाबूत, रक्त नाही. नुसते थरथरत होते, दोन्ही. दात वाजत होते. तुझ्या बाबांचे, लुद्का! मग ते बोलायला लागले, भिंतीशी बोलावं तसे. म्हणाले, खाणीत रोज असंच व्हायचं. खाणीत उतरायचा पाळणा खाली जायला लागला की रोज. वीस वर्षं कोणाला कळू दिलं नाही. खाण बंद झाली तेव्हा बाकीचे रडले, मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. पण मग ते खाली जाणं स्वप्नात यायला लागलं. "मला वाटलं, वर आपलं स्वतःचं घर असलं, वर तू असलीस, तर खाली भीती वाटणार नाही. आणि नाही वाटली, खरंच नाही वाटली. आजपर्यंत."

डोक्यावरची खडी वाढली होती. मला रडायला वेळ नव्हता. काय करावं सुचेना, तेव्हा मी भांडायला लागले. म्हटलं, वर चुलीवर झुरेकचा आंबट रस्सा ठेवलाय, तो उतू जातोय, ती चूल कोण पुसणार, तुझी आई येणार आहे? हे बूट तू कालच साफ केलेस ना, बघ काय दशा केलीस. शर्टाची बाही फाडलीस. मी तुझ्यासाठी आता दुसरा शिवणार नाही. आणि तू असा बसून राहणार असशील तर मीही बसते इथे, मग दोघांना झेनोबिया येऊन काढेल आणि जन्मभर ऐकवेल.

ते हसले. हसणं नव्हतंच ते, नुसता श्वास सुटला. पण त्यांनी हात पुढे केला.

मी त्यांना पुढे घातलं आणि मागून बूट ढकलत राहिले. "उजवा. आता डावा. हं, उजवा." तू चालायला शिकत होतीस तेव्हा म्हणायचे तसं. शिडी चढलो. तळघराच्या बागेकडच्या दाराने बाहेर आलो आणि नासपतीच्या झाडापर्यंत पोचलो, तोच मागे घर खाकरल्यासारखं झालं. चूल खाली गेली. तिच्यामागून धुराडं, मग स्वयंपाकघराची भिंत, अगदी सावकाश, जणू कोणी हात धरून बसवतंय. माझा झुरेकही गेला.

आम्ही झेनोबियाकडे आहोत. तिने अजून एकही टोमणा मारलेला नाही, यावरून समज आम्ही कसे दिसत असू.

आई


२२ ऑगस्ट

लुद्का,

काल घर पाडलं. पाडायचं राहिलंच होतं किती, तरी पाडलं. भुयारासकट सगळं बुजवा, असा हुकूम आहे.

स्वयंपाकघराची भिंत गेल्यापासून पुढच्या खोलीतलं कपाट रस्त्यावरून दिसायचं. काचसुद्धा फुटली नव्हती. सकाळी ऊन पडलं की सगळे अकीक पेटल्यासारखे व्हायचे. बाबा झेनोबियाच्या अंगणात बसून तिकडे बघत राहायचे. अग्निशमनवाल्यांनी आत जायची बंदी केली होती. एकदा मी म्हटलं, मी पटकन जाऊन निदान तो पहिला आणते. त्यांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठले.

ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण घर पाडायचं मशीन आलं तेव्हा कुंपणाशी संग्राहकांची रांग, पाठीवर पिशव्या, हातात हातोड्या. लोथार नव्हता. झेनोबिया झाडू घेऊन उभी राहिली, "हे काय प्रेत आहे, गिधाडं जमायला?"

मशीनवाला तरुण होता, समजूतदार. इंजिन बंद करून खाली उतरला आणि बाबांना म्हणाला, "काका, ते कपाट मी खोऱ्याने अलगद बाहेर घेऊ शकतो. बाहेरूनच, कोणी आत जायला नको. घेऊ?"

सगळे बाबांकडे बघायला लागले.

बाबा म्हणाले, "त्याखालची जमीन पोकळ आहे. तुझं मशीन तिथवर गेलं तर तू जाशील. राहू दे. लांबून ढकल."

"अहो पण एवढं सगळं..."

"लांबून ढकल म्हटलं ना."

कपाट भिंतीबरोबर खाली गेलं. आवाज फार झाला नाही. मी बाबांकडे बघायचं टाळलं. मग बघितलं. ते मशीनवाल्या पोराकडे बघत होते, तो नीट मागे सरतोय ना, ते.

मला अजून भीती वाटते. झेनोबियाच्या घराची फरशी मी रोज तपासते, तिच्या नकळत. बाबांनी तिला तळघराचं विचारलं, ती म्हणाली, नाहीये. ते म्हणाले, छान.

तुझं चित्राचं कार्ड आज आलं. ते त्यांच्याच हाती पडलं, मी बीट सोलत होते. खाडीचं निळं पाणी, मागे तो डोंगर. मागच्या बाजूला तू लिहिलंयस, 'म्हातारीच्या स्वयंपाकघरातून हा दिसतो.' त्यांनी ते वाचलं. तुझं अक्षर त्यांनी तीन वर्षांनी पाहिलं. कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, खिडकीपाशी नेलं.

"हा डोंगर जिवंत आहे," म्हणाले.

"म्हणजे?"

"आपल्या टेकड्याही ज्वालामुखीच, पण केव्हाच विझल्या. हा विझलेला नाही, नुसता झोपलाय. आणि ती त्याच्या पायथ्याशी भांडी घासतेय." मग टेबलाशी येऊन बसले. "तिला पत्र लिही."

"काय लिहू?"

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. झेनोबिया बाहेर कोंबड्यांना हाका मारत होती.

"लिही, बाबा घाबरलाय."

"एवढंच?"

"एवढंच लिही. बाकीचं ती आल्यावर मी तिच्याशी बोलेन."

म्हणून लिहिते. बाबा घाबरलाय, लुद्का.

आई